मेढ रोवायची कुठे?

कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागलं की काही अंतरावर बेडसे गावाचा फाटा येतो. गावामागच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीचं लेणं आहे. चैत्यगृहात उभं राहून वर पाहिलं की कमानीसारखं वळलेलं छत दिसतं. इथून जवळच्याच भाजे लेण्यात आणखी एक गोष्ट लक्षात येते. तिथले खांब ओळंब्यात नाहीत, माथ्याकडे किंचित आत कललेले आहेत. डोंगर कोरून काढलेल्या खांबाला असं कलायची काहीच गरज नव्हती. गरज होती लाकडी खांबाला. उतरतं छप्पर भिंतींना बाहेर ढकलतं, तो रेटा पेलायला लाकडाचा खांब आत कलता रोवावा लागतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर छताला लाकडी फासळ्या अजूनही आहेत. वर अखंड डोंगर असल्यामुळे त्या कसलाही भार पेलत नाहीत. कारागिरांनी त्या बसवल्या, कारण घर म्हणजे काय हे त्यांना लाकूड, बांबू आणि गवत यांतूनच ठाऊक होतं.

मावळातल्या या तीन लेण्यांनी लाकडी घराचा आकार असा दगडात जपून ठेवला आहे. त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, भातकापणी उरकलेल्या खाचरांच्या कडेला, दर हिवाळ्यात खऱ्या झोपड्या उभ्या राहतात आणि पावसाळ्याआधी नाहीशा होतात. दिवाळीच्या सुमारास एखादा टेम्पो येतो. त्यातून माणसं उतरतात, पत्र्याची पेटी, गोधड्या, भांडी, कोंबड्या उतरतात, एखादं शेळीचं करडू उतरतं. दुपारपर्यंत चार खांब उभे राहतात आणि संध्याकाळी चुलीचा धूर निघतो.

या प्रकरणाचा विषय ते घर आहे. ते कसं बांधतात, त्यात कुटुंब कसं राहतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या बांधूनही ते तात्पुरतंच का राहतं, हे आपण पाहणार आहोत.

प्रत्येक मुक्कामाला वेगळं नाव

मराठीत अशा घरांना पुष्कळ नावं आहेत आणि प्रत्येक नाव एकेका जगण्यातून आलं आहे. पश्चिम महाराष्ट्रात गरिबाच्या घराला सरळ ‘छप्पर’ म्हणतात. भिंतीचा उल्लेखच नाही, कारण डोक्यावर काहीतरी असणं हीच पहिली गरज. रानात पिकाच्या राखणीला घातलेली ती ‘खोप’ किंवा ‘खोपट’. भटक्या जमातींच्या कापडी निवाऱ्याला ‘पाल’ म्हणतात. जुन्नर-अकोल्याच्या डोंगरात ठाकरांचं शेतातलं घर ‘झाप’ होतं. बीड-नगरकडून साखर कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची ती ‘कोपी’, म्हणजे बांबू वाकवून त्यावर चटई किंवा ताडपत्री टाकलेला बुटका निवारा. आणि वसई-ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर मजूर जे घर रचतात त्याला ‘भोंगा’ असं नाव आहे.

या घरांत मोठं अंतर आहे आणि ते भिंतींवरून ठरत नाही. खोप शेतकऱ्याची असते, त्याच्याच शेतात असते, आणि गावात त्याचं दुसरं घर असतं. राखण संपली की तो घरी जातो. धनगराचं पाल हलतं, पण ते हलणं त्याच्या व्यवसायाचा भाग असतं. कोपी आणि भोंगा मात्र दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या मर्जीनं, कामाच्या हंगामापुरते उभे असतात. त्यांचा आकार खोपीसारखा असला तरी स्थिती वेगळी असते. एका कुटुंबाचं सगळं आयुष्य, बाळंतपण, आजारपण, लग्नाची बोलणी, मुलांची वाढ, त्या सहा महिन्यांच्या घरात घडत असतं.

कारवी, पेंढा आणि धूर

तात्पुरतं घर म्हणजे अडाणी घर, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. मावळातल्या झोपडीचं शास्त्र पावसानं घडवलं आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्याही पुढे पाऊस पडतो. घाटमाथ्यावरून पूर्वेला वडगावकडे येईपर्यंत तो झपाट्यानं कमी होतो. कामशेत या उताराच्या मधोमध येतं. त्यामुळे इथल्या घराला जून ते सप्टेंबर भिजायचं असतं आणि मार्च ते मे तापायचं असतं.

घराची सुरुवात मेढीनं होते. मेढ म्हणजे वरच्या टोकाला बेचकं असलेला खांब. बेचक्यात आडवं लाकूड बसतं, त्यावर वासे, वाशांवर बांबूच्या कामट्या. खिळा लागत नाही, सगळं दोरानं नाहीतर रानवेलीनं बांधायचं. वाऱ्यात अशी बांधणी थोडी हलते आणि हलते म्हणूनच मोडत नाही.

भिंतीला कारवी लागते. सह्याद्रीच्या उतारांवर रानं भरून उगवणारं हे झुडूप सात वर्षांनी एकदाच फुलतं आणि बी टाकून मरतं. त्याच्या सरळ, हलक्या, चिवट काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून आडव्या कांबींनी बांधल्या की ‘कूड’ तयार होतो. त्यावर माती आणि शेण यांचा गिलावा करतात. कुडाची भिंत श्वास घेते. उन्हाळ्यात आत गारवा राहतो, पावसाळ्यात ओल धरली तरी चुलीच्या उबेनं ती सुकते. पोपडे निघाले तर बाई सकाळी सारवताना तेवढा भाग लिंपून घेते. अशा घराची डागडुजी रोजच्या कामातच होऊन जाते.

छपराला गवत किंवा भाताचा पेंढा घालतात. उतार चांगला तीव्र ठेवावा लागतो, नाहीतर पाणी खाली धावण्याऐवजी आत मुरतं. पेंढ्याचं छप्पर वर्षा-दोन वर्षांनी बदलायचं, गवताचं थोडं अधिक टिकतं. आणि झोपडीला धुराडं नसतं, त्यालाही कारण आहे. चुलीचा धूर पेंढ्यातून झिरपत बाहेर जातो, जाताना छपरातली कीड मारतो, आढ्याला टांगलेलं बियाणं आणि सुकी मासळी राखतो. त्याची किंमत बाईचे डोळे आणि लहान मुलांची छाती मोजतात, हेही खरं. या घराचे गुण सांगताना हा हिशेब लपवता येणार नाही.

आता रान दूर गेलं, कारवी तोडायला बंदी आली, यंत्रानं कापणी होऊ लागल्यावर पेंढाही पूर्वीसारखा लांब मिळत नाही. त्यांच्या जागी निळी-पिवळी ताडपत्री, खताच्या गोण्या, जाहिरातींचे जुने फ्लेक्स आणि पत्रा आला. पत्र्याला गळती कमी, पण एप्रिलच्या दुपारी त्याखाली तान्हं मूल ठेवता येत नाही. ताडपत्री पावसाला पुरते आणि उन्हात वर्षभरात चिरते. पूर्वी झोपडीचं सगळं सामान रानातून येई आणि त्याला फक्त कष्ट लागत. आता त्यालाही रोख पैसा लागतो. गरिबाचं घर अधिक कच्चं झालं आणि महागही झालं.

घाटातले तळ, धरणाचं पाणी

मावळाला कामगारांच्या तळांची ओळख नवी नाही. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ साली सुरू झाली. राहिला होता तो खंडाळ्याखालचा भोर घाट. तिथून मार्ग चढवताना डोंगरात २५ बोगदे खणावे लागले. १८६१ च्या जानेवारीत या कामावर ४२ हजारांहून अधिक माणसं होती. त्यात बायका होत्या, मुलं होती, कारण माती वाहण्याचं काम कुटुंबानंच केलं जाई. एवढ्या लोकांनी घाटाच्या उतारांवर गवताच्या, फांद्यांच्या झोपड्या घातल्या होत्या. पिण्याचं पाणी आणि घाण यांच्यात अंतर राखायची सोय नव्हती. कॉलरा आणि तापाच्या साथींनी हे तळ झोडपले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच काळात, १८५९ साली आजारानं वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिनं कंत्राट चालवून काम तडीला नेलं. तिचं नाव इतिहासात राहिलं. झोपड्यांत मेलेल्या हजारोंची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. १८६३ साली घाट खुला झाला, तळ उठले, माणसं पांगली.

मग धरणं आली. लोणावळ्याजवळचं वळवण, नाणे मावळाच्या बाजूचं शिरोता, आंदर मावळातलं ठोकरवाडी ही टाटांची जलविद्युत धरणं विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतली. शेजारच्या मुळशीत टाटांच्याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांचा सत्याग्रह उभा राहिला. पुढे पवना धरण झालं आणि पवन मावळातली गावं पाण्याखाली गेली. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्रानं स्वतंत्र कायदा केला तो १९७६ साली, म्हणजे पवनेचं पाणी अडल्यानंतर. त्याआधीचा भूसंपादनाचा व्यवहार १८९४ च्या कायद्यानं चाले, आणि ज्याचं नाव कागदावर होतं त्यालाच तो भरपाई देई. ज्यांची शेती गेली त्यांचा लढा अजून चालू आहे. पण जो त्या शेतात राबत होता, ज्याची झोपडी गावाच्या कडेला होती आणि नाव जमिनीच्या कुठल्याच उताऱ्यावर नव्हतं, त्याला भरपाई मागायला दारच उघडं नव्हतं.

कातापासून विटेपर्यंत

ही न लिहिलेली माणसं बऱ्याच अंशी कातकरी होती. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढणारे ते कातकरी किंवा काथोडी. केंद्र सरकारनं महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष दुर्बल मानलं आहे, त्यात कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी येतात. रायगड, ठाणे, पालघर आणि पुणे जिल्ह्याचा पश्चिम भाग हा त्यांचा मुलूख. मावळात गावाला लागून, ओढ्याच्या काठी किंवा टेकडाच्या अंगाला त्यांच्या वाड्या आहेत.

कात काढायचा म्हणजे हंगामात सहकुटुंब रानात जाऊन राहायचं. तेव्हाही त्यांची घरं तात्पुरतीच असत. पण रान त्यांचं होतं, निदान तसं त्यांना वाटत होतं. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलं झाली आणि खैराला हात लावणं गुन्हा ठरलं. कात सुटला, तशी कोळसा पाडण्याची मजुरी आली. व्यापारी जंगलाचा ठेका घेई आणि कातकरी भट्टी लावून कोळसा पाडी. पुढे तीही वाट बंद झाली. मुंबई-पुण्याची बांधकामं वाढत गेली तशी विटेची मागणी वाढली आणि कोळशाच्या भट्टीवरचा माणूस विटेच्या भट्टीवर आला. तिन्ही कामांत एक गोष्ट तशीच राहिली: बायको-मुलांसह मालकाच्या जागेवर जाऊन राहायचं आणि हंगाम संपला की निघायचं.

या चक्राचा आस म्हणजे उचल. भातलावणी संपली की श्रावण-भाद्रपदात वाडीवर हाताला काम नसतं. घरातले तांदूळ संपतात. एखादी म्हातारी आजारी पडते, मुलीचं लग्न ठरतं, छपराला नवी ताडपत्री घ्यायची असते. अशा वेळी मुकादम किंवा भट्टीचा शेठ पैसे पुढे करतो. ही उचल किंवा बयाणा घेतला की दिवाळीनंतरचा हंगाम त्याच्या नावे लागतो. भट्टीवर मजुरी हजारी मोजतात, म्हणजे दर हजार विटांमागे इतके रुपये. पैसे हातात येत नाहीत. आठवड्याला खर्ची मिळते, बाजारापुरती. उरलेलं उचलीत वळतं. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा कित्येक कुटुंबांच्या अंगावर बाकी उरते आणि ती पुढच्या वर्षाच्या उचलीला जोडली जाते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं देशभर रद्द झाली. ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेनं १९८० च्या दशकापासून तो कायदा हातात घेऊन माणसं सोडवली. तरी जिथे पावसाळ्यातली भूक आहे आणि पतपेढीचं दार बंद आहे, तिथे उचलीचा दरवाजा उघडाच राहतो.

कामाचं मोजमाप माणसावर नसतं, जोडीवर असतं. जोडी म्हणजे नवरा-बायको. एकट्या माणसाला भट्टीवर फारशी किंमत नाही. त्यामुळे लग्न हा इथे मजुरीचाही पाया होतो, आणि पोरापोरींची लग्नं लवकर उरकण्यामागे जी कारणं आहेत त्यांतलं हे एक आहे.

चुलीभोवतीचं घर

भट्टीवरच्या घराची बांधणी वेगळी असते. तिथे कूड नसतो. कच्च्या नाहीतर भाजून खराब झालेल्या विटा, मातीशिवाय, नुसत्या एकावर एक रचून कमरेएवढ्या किंवा खांद्याएवढ्या भिंती करतात. वर बांबू, त्यावर पेंढा किंवा कागद. वाकूनच आत जावं लागतं. या घराची भिंतसुद्धा मालकाची असते. हंगाम संपला की तीच भिंत उतरवून, विटा मोजून, गाडीत भरतात.

या रचलेल्या विटांच्या आत बाई पहिलं काम करते ते चुलीचं. तीन दगड किंवा सहा विटा, त्यांना मातीचा हात. चूल कुठे मांडायची यावर सगळं घर ठरतं. वारा दारातून येत असेल तर ती एका कोपऱ्यात जाते, मग दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचे हंडे, तिसऱ्यात पेटी आणि गोधड्यांची वळकटी, चौथ्यात म्हाताऱ्याची जागा. दहा बाय आठ फुटांत माजघर, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्या सीमा आखलेल्या असतात. त्या आपल्याला दिसत नाहीत, पण घरातलं तीन वर्षांचं पोरही त्या ओलांडताना बिचकतं. दाराबाहेरची दोन हात जागा सारवून ठेवतात. ते अंगण. तिथे आलेल्या पाहुण्याला बसायला गोणपाट टाकतात.

दिवस पहाटे दोन-तीनला सुरू होतो, कारण उन्हात गारा लवकर घट्ट होतो आणि माणूसही लवकर थकतो. गारा म्हणजे माती, राख, भाताचं तूस आणि पाणी यांचा तुडवलेला चिखल. मावळात भात भरपूर, म्हणून तूसही भरपूर. ते गाऱ्यात जातं आणि भट्टी भाजायलाही लागतं. पुरुष गारा करून आणतो, बाई साच्यात थापते, किंवा उलट. मोठी मुलगी ओल्या विटा वाळायला उलटवते. तान्हं मूल साडीच्या झोळीत, बांबूच्या तिकाटण्याला टांगलेलं, आईच्या नजरेच्या टप्प्यात. सूर्य वर येईपर्यंत हजाराच्या आसपास विटा पडतात. मग भाकरी, कालवण. तेही रोजचं विकतचं नसतं. ओढ्यातले मासे, खेकडे, बांधावरचा पाला, कंद, यांची जाण ही कातकऱ्यांची अशी पुंजी आहे जी कुठल्याही उचलीत वळती होत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या कोणत्या उतारावर आधी येतात हे दहा वर्षांच्या मुलीला ठाऊक असतं. कामशेतच्या बाजारात त्याच भाज्यांचे वाटे लावून बसणाऱ्या बायका आपण पाहतो.

घराला जे लागतं आणि इथे मिळत नाही, त्याची यादीही सांगायला हवी. न्हाणीला आडोसा नसतो, म्हणून बायका अंधार असताना अंघोळ उरकतात. शौचाला जागा नसते. दाराला कडी नसते, दारच नसतं. विंचू-साप येतात. पोटुशी बाई शेवटच्या महिन्यापर्यंत थापते, कारण जोडी मोडली की हजारी मोडते. आणि शाळा दूर असते. ऐन दुसऱ्या सत्रात मूल वाडीवरून उठून भट्टीवर आलेलं असतं. आजी-आजोबांकडे ठेवलं तर शाळा टिकते पण आई सुटते. बरोबर नेलं तर उलट. ही निवड दरवर्षी करावी लागते.

यातून वाट काढणारी माणसंही महाराष्ट्रात झाली. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेनं वीटभट्ट्यांवरच शाळा सुरू केल्या. मूल भोंग्यात राहतं, तर शाळाही भोंग्यात भरवायची. नावच पडलं ‘भोंगाशाळा’. साखर कारखान्यांच्या परिसरात कोपीतल्या मुलांसाठी ‘साखरशाळा’ निघाल्या. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींवर ‘संतुलन’ संस्थेनं १९९७ साली ‘पाषाणशाळा’ काढली. या तिन्ही नावांत शाळेच्या आधी मुक्कामाचं किंवा कामाचं नाव आहे. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हा त्या नावांचा अर्थ.

महाराष्ट्राच्या राज्यकारभारानंही एकदा हे ओळखलं होतं. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर माणसांची रीघ लागली आणि १९७३ च्या मे महिन्यात ती संख्या ५० लाखांच्या घरात गेली. बंडिंग, रस्ते आणि तलावांच्या कामांवर कुटुंबंच्या कुटुंबं खडी फोडत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली, मुलांना सांभाळायची सोय ही मजुराला द्यायची गोष्ट आहे, हे त्या योजनेनं मान्य केलं. कामावर माणूस येतो तेव्हा त्याच्या मागून त्याचं घर येतं, एवढं साधं सत्य त्यात होतं. खाजगी भट्टीवर आजही ते पोचलेलं नाही.

३ जून २०२०

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा भट्ट्यांचा हंगाम भरात होता. बांधकामं थांबली, विटांचा उठाव थांबला, बाजार बंद झाला. माणसं मालकाच्या जागेवर अडकली, आणि जी वाडीवर परतली त्यांच्याकडे पावसाळ्यासाठी काही साठलं नव्हतं. अशात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं आणि घाट चढून मावळात शिरलं. घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, फुलशेतीची पॉलिहाऊस फाटून गेली. पंचनाम्यात घराचं नुकसान लिहायचं तर घर कोणाच्या नावावर आहे हा रकाना असतो. स्वतःच्या उताऱ्यावर पक्कं घर असलेल्याचं नुकसान दिसतं आणि मोजता येतं. झोपडीचा पेंढा उडाला तर मोजायला मागे काय उरतं?

संकट मोठं असो की छोटं, कागदाचा प्रश्न दर वेळी इथे येऊन थांबतो.

दहा हजार विटा

एक हिशेब करून पाहू. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं धरलं आहे. एवढ्या एकमजली घराच्या भिंतींना ढोबळ मानानं दहा हजार विटा पुरतात. एक जोडी दिवसाला हजार विटा पाडते. म्हणजे स्वतःच्या घरकुलाच्या विटा एक जोडपं दहा-बारा दिवसांत थापू शकतं. दिवाळी ते मे या हंगामात ते दीड लाखाच्या आसपास विटा पाडतं, पंधराएक घरांच्या. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यानंतर लोणावळा-कामशेतच्या डोंगरउतारांवर जी वस्ती वाढली, मुंबई-पुण्याकडे ज्या इमारती उठल्या, त्यांच्या भिंतींत हे हात आहेत.

तेव्हा या कुटुंबांना वीट कमी पडत नाही आणि कसबही कमी पडत नाही. पैशाची तरतूदही वाढत गेली आहे: घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये धरले गेले, तर २०२३ च्या नोव्हेंबरात विशेष दुर्बल जमातींसाठी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घरामागे २ लाख. आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. कमी पडते ती जमीन. बऱ्याच कातकरी वाड्या खाजगी मालकीच्या किंवा वनखात्याच्या जागेवर आहेत. तिथे तीन पिढ्या गेल्या तरी उतारा दुसऱ्याचाच असतो. द्रुतगती मार्गानंतर मावळात गुंठ्याचे भाव चढले आणि ज्या कोपऱ्याकडे पूर्वी कोणी पाहत नव्हतं तिथे कुंपण पडू लागलं. घरकुल मंजूर होतं, पण ते बांधायला पायाखालची जागा नावावर असल्याचा कागद लागतो.

यावरही उपाय कायद्यात आहेत. कुळकायद्यानं १९४८ पासून कुळाला आणि शेतमजुराला त्याच्या राहत्या घराच्या जागेबाबत संरक्षण दिलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं वनजमिनीवरच्या वस्तीला दावा करण्याचा अधिकार दिला. घरकुलासाठी ५०० चौरस फुटांपर्यंत जागा विकत घ्यायला राज्याचं अर्थसहाय्य आहे. पण या प्रत्येक वाटेवर अर्ज आहे, पुरावा आहे, जातीचा दाखला आहे, तालुक्याच्या गावी मारायच्या खेपा आहेत. आणि अर्जाचा, मोजणीचा, ग्रामसभेचा हंगाम तोच असतो ज्यात हे कुटुंब वाडीवर नसतं, भट्टीवर असतं. जो घरी नसतो त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ अशी नोंद होते आणि कागद पुढच्या वर्षावर जातो. या कुटुंबांसाठी खरोखर काही करायचं असेल तर सर्वेक्षण पावसाळ्यात, वाडीवर जाऊन व्हायला हवं, किंवा मग भट्टीवर जाऊन. भोंगाशाळेनं मुलांसाठी जे केलं, ते महसूल खात्याला घरासाठी करता येईल.

एक सावधगिरीही हवी. जागा म्हणजे कुठलीही जागा नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली, खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली आणि डोंगराच्या कुशीतली ठाकरवाडी गाडली गेली. वाचलेल्यांना पायथ्याशी कंटेनरमध्ये आसरा दिला गेला. तोही एक तात्पुरता निवाराच, लोखंडाचा. मावळातही १९८९ च्या जुलैत भाजे गावावर दरड आली होती. ज्यांना निवडायला वाव नसतो त्यांच्या वाट्याला उतारच येतो, ओढ्याचा काठच येतो. म्हणून जमिनीच्या हक्कात सुरक्षित जमीन हा शब्द धरूनच चालायला हवं.

मे संपत आला की भट्टीवर हिशेब होतो. भोंग्याच्या भिंती उतरतात, विटा मोजल्या जातात. चुलीची माती तिथेच विरघळायला सोडून देतात. टेम्पोत पेटी चढते, गोधड्या, हंडे, कोंबड्या, सहा महिन्यांत मोठं झालेलं करडू चढतं. ताडपत्री फाटली असली तरी घडी करून घेतात. आणि सगळ्यात शेवटी, बाकीच्या सामानावर आडव्या, मेढी. बेचकं चांगलं असलेला, कीड न लागलेला खांब सहजी मिळत नाही. तो मागे टाकून जात नाहीत.

मराठीत कुठल्याही मोठ्या कामाचा आरंभ झाला की आपण मुहूर्तमेढ रोवली असं म्हणतो. शब्द आला लग्नाच्या मांडवातून, पहिला खांब जमिनीत रोवण्यावरून. टेम्पोवर आडव्या पडलेल्या त्या मेढींनी असे कितीतरी आरंभ पाहिलेले असतात, दर दिवाळीला एक. वाडीवर पोचल्यावर पहिल्या पावसाआधी त्या पुन्हा रोवल्या जातील, दुसऱ्याच्या उताऱ्यावर. ज्या वर्षी त्या स्वतःच्या नावच्या ५०० चौरस फुटांत रोवल्या जातील, त्या वर्षी या कुटुंबाला दिवाळीत त्या उपटाव्या लागणार नाहीत.